थंड पाणी, लांब पल्ला: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आयर्नमॅन या ट्रायथलॉनबद्दल (३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी पळणं, हे सगळं एकाच दिवसात) चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. गंमत म्हणजे सायकलबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही, पळण्याबद्दल तर कोणीच नाही, सगळ्यांच्या मनात एकच भीती, परदेशातलं गार पाणी. म्हणून या वेळी सगळी पत्रं त्यावरचीच घेतलीत.

प्रश्न: नमस्कार सर. वय ४६, पुण्यात आयटीत आहे. गोव्याची ७०.३ (अर्धी आयर्नमॅन) झालीय, मिरामारला पोहलो तेव्हा पाणी मस्त कोमट होतं. मुलगी कार्डिफला शिकते म्हणून येत्या सप्टेंबरची आयर्नमॅन वेल्स बुक केली आणि आता ग्रुपवर सगळे घाबरवतायत की तिथलं पाणी म्हणजे नुसता बर्फ. पूलमध्ये मी २ किमी ५० मिनिटांत करतो. गार पाण्याची प्रॅक्टिस पुण्यात करायची कुठे? रोज थंड पाण्याने अंघोळ केली तर पुरेल का? आणि वेटसूट कुठला घेऊ?
— एक वाचक, बाणेर

उत्तर: आधी त्या ग्रुपला म्यूट करा. वेल्सची रेस टेन्बी नावाच्या छोट्या गावात असते, पोहणं तिथल्या नॉर्थ बीचवर, आणि सप्टेंबरात तिथला समुद्र वर्षातला सगळ्यात उबदार असतो कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी निवायला वेळ लागतो. उबदार म्हणजे त्यांच्या हिशेबाने हां, साधारण १५ ते १७ अंश. आपला पूल उन्हाळ्यात २८-३० ला असतो, म्हणजे फरक मोठा आहे पण बर्फ वगैरे काही नाही.

आता तुमचा वेग बघू. २ किमी ५० मिनिटांत म्हणजे शंभर मीटरला अडीच मिनिटं, त्या हिशेबाने ३.८ किमीला ९५ मिनिटं लागतात, आणि पोहण्याचा कटऑफ, म्हणजे जास्तीत जास्त वेळ, असतो २ तास २० मिनिटं. पाऊण तास हातात आहे. त्यामुळे वेग वाढवायच्या मागे लागून खांदा दुखावून घेऊ नका, तुमचा प्रश्न वेगाचा नाहीच, तुमचा प्रश्न आहे पाण्यात उतरल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं. थंड पाण्याची ट्रेनिंग म्हणजे मुख्यतः त्या दोन-तीन मिनिटांची ट्रेनिंग, हे लोकांना सांगून पटत नाही, सगळे किलोमीटर मोजत बसतात.

होतं काय की कातडी अचानक गार पडली की आपल्या मर्जीविरुद्ध एक मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते, ठोके वाढतात, बीपी चढतं. याला कोल्ड शॉक म्हणतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हा प्रकार सगळ्यात जोरात असतो आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप उतरतो. नेमका तो श्वास ओढला जाताना तोंड पाण्याखाली असलं तर पाणी आत जाणार, आणि चांगला पोहणारा माणूससुद्धा तिथे घाबरतो. हायपोथर्मिया (शरीराचं आतलं तापमान फार खाली जाणं) फार नंतरची गोष्ट आहे, १६ अंशात वेटसूट (पोहण्याचा घट्ट रबरी पोशाख) घालून हात चालवणाऱ्या माणसाला ती पहिल्या दहा मिनिटांत गाठत नाही.

चांगली बातमी अशी की या धक्क्याची शरीराला सवय होते आणि लवकर होते. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ विद्यापीठात माइक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यातून दिसलं की दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनीसुद्धा हा धक्का बराच कमी होतो, आणि ही सवय काही महिने टिकते. म्हणजे वर्षभर बर्फात बसायची अजिबात गरज नाही, इन्स्टावाले काहीही म्हणोत.

पुण्यात कुठे, तर घरात. मोठा टब किंवा ड्रम घ्या, नळाचं पाणी भरा, बर्फाच्या लाद्या टाका आणि साध्या थर्मामीटरने मोजून १५-१६ अंशाला आणा. मानेपर्यंत हळूहळू बसा, उडी नाही, आणि लक्ष फक्त उच्छ्वासावर ठेवा, लांब आणि सावकाश सोडा, श्वास आपोआप येतो. धाप ओसरली की चेहरा पाण्यात घालून बुडबुडे सोडा कारण रेसमध्ये तेच करायचंय. तीन मिनिटं झाली की बाहेर. घरात दुसरं कोणीतरी मोठं माणूस शेजारी उभं पाहिजे, एकट्याने नाही म्हणजे नाही, आणि चाळिशी उलटलीय तर त्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या (पुढचं पत्र वाचा). हे जुलै-ऑगस्टमध्ये करा, आता केलं तर सप्टेंबरपर्यंत थोडंफार विसरलेलं असेल. शॉवरचं विचाराल तर काहीच नसण्यापेक्षा बरा, पण त्यात एका वेळी थोडंच अंग भिजतं, छाती-पाठ-पोट एकदम गार पडणं हा अनुभव त्यात येत नाही.

बऱ्याच जणांनी सुचवलं असेल की गावाकडच्या विहिरीत थंडीत पोहा. विहिरीची मजा वेगळी, पण गार पाण्यासाठी तिचा उपयोग नाही. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून तर डिसेंबरच्या पहाटे विहिरीतून वाफा निघतात आणि पाणी कोमट लागतं. धरणांचं म्हणाल तर पानशेत-खडकवासला बाजूला बऱ्याच ठिकाणी उतरायलाच मनाई आहे आणि दरवर्षी तिथे लोक बुडतात, त्यामुळे जिथे परवानगी आहे, सोबत कयाक किंवा बोट आहे, अशाच ठिकाणी ग्रुपने जा, कमरेला भडक रंगाचा फ्लोट बांधून. तिथे शिकायचं ते वेगळंच, पूलच्या तळाची काळी रेघ नसताना सरळ पोहणं, सहा-आठ स्ट्रोकनंतर डोळे पाण्याबाहेर काढून खूण बघणं, लाट डावीकडून आली तर उजवीकडे श्वास घेणं. यासाठी कोकण उत्तम. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, लांब पल्ल्याचे गटही असतात, ती एकदा कराच.

अजून एक उपाय, हसू नका, हरिद्वार. थंडीच्या दिवसांत गंगा चांगलीच गार असते, घाटावर साखळ्या आहेत, साखळी धरून डुबक्या मारा. पोहायला जाऊ नका, ओढ भयंकर असते. पुण्यही मिळेल आणि कोल्ड शॉकची ओळखही होईल.

वेटसूट. आयर्नमॅनच्या नियमात २४.५ अंशापर्यंत वेटसूट चालतो आणि जाडी ५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, टेन्बीत तो असणारच. ट्रायथलॉनचा किंवा ओपन वॉटर स्विमिंगचा घ्या, सर्फिंगचा किंवा स्कूबाचा नको, त्यात खांदे फिरत नाहीत. साइज उंची आणि वजन दोन्ही बघून. दुकानात कोरड्या अंगाने तो घट्टच वाटतो, वाटायलाच पाहिजे, पण छातीवर इतका घट्ट नको की पूर्ण श्वास घेता येत नाही. आपल्या लोकांची नेहमीची गोष्ट म्हणजे सूट रेसच्या आधी आठवडाभर येतो आणि पहिल्यांदा तिकडेच अंगात जातो, मग गळ्याशी आवळल्यासारखं होतं, त्यात गार पाणी, मग पॅनिक. मेपर्यंत घ्या. पहाटेच्या पूलमध्ये अर्धा तास पोहून बघा (जास्त नको, आपल्या पाण्यात सूट घालून उकडून निघाल), पाय किती वर तरंगतात ते कळेल, किक कमी लागते. चढवताना पायात प्लास्टिकची पिशवी घाला म्हणजे सरसर चढतो, आणि नखं लावू नका, निओप्रीन (सुटाचं रबर) फाटतं. काढायची प्रॅक्टिस ओल्या सुटावर करा.

पाण्यात शिरल्यावर मानेजवळून थोडं पाणी मुद्दाम आत येऊ द्या, पाठीवरून एक शहारा जाईल पण मग ते पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि बाहेरचा गारवा निओप्रीन अडवतं. नॉर्थ बीचवर दोन फेऱ्या असतात आणि मधे बाहेर येऊन वाळूवरून पळत परत पाण्यात जायचं असतं. दुसऱ्यांदा शिरताना धक्का जवळजवळ नसतो, पण अचानक उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, दोन पावलं चालत जा, कोणी बक्षीस देत नाहीये.

आणि रेसच्या आठवडा-दहा दिवस आधी पोचा. मुलगी कार्डिफला आहे ना, मग हॉटेलचा खर्चही वाचला. कार्डिफहून टेन्बी तसं लांब आहे, पण दोन-चार दिवस तिथे राहून रोज सकाळी समुद्रात उतरा, पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस, कायम लोकांसोबत. तिथे भरती-ओहोटीचा फरक खूप मोठा आहे, ओहोटीला टेन्बीचं बंदर अक्षरशः कोरडं पडतं आणि होड्या वाळूत बसतात, तेव्हा भरतीची वेळ बघितल्याशिवाय जाऊ नका. बीचच्या मधोमध गॉस्कर रॉक नावाचा खडक उभा आहे, खूण म्हणून तो चांगला.

सायकलबद्दल विचारलं नाहीत पण विचारायला पाहिजे होतं, कारण गार पाण्याचा बदला सायकलवर निघतो. पाण्यातून बाहेर आल्यावर ट्रान्झिशनपर्यंत (टी-वन, म्हणजे सूट काढून सायकल घ्यायची जागा) जवळपास एक किलोमीटर गावातून पळत जायचंय, लोक त्यासाठी वाटेवर बुटांची पिशवी टांगून ठेवतात. तिथवर बोटं इतकी बधिर असतात की हेल्मेटचा पट्टा लागत नाही. पट्टा गार हातांनी लावायची प्रॅक्टिस करा, टबातून निघाल्या निघाल्या. ओल्या अंगावर वारा लागणार, म्हणून आर्म वॉर्मर आणि पातळ बिनबाह्यांचं जॅकेट टी-वनच्या पिशवीत हवंच, दोन मिनिटं जातील तर जाऊ द्या. रूट चढउताराचा आहे, आपल्यासारखे लांब घाट नाहीत, छोटे आणि उभे चढ, सॉन्डर्सफूटसारखे. बोपदेव घाट पुन्हा पुन्हा करा. आणि पुणेकरांच्या नशिबाने तुमची शेवटची तीन महिन्यांची ट्रेनिंग ऐन पावसाळ्यात येतेय. लोक सायकल ट्रेनरला (जागच्या जागी चालवायच्या स्टँडला) लावून घरात बसतात, तुम्ही मात्र अधूनमधून ताम्हिणीला भिजत जा, सांभाळून, ओल्या रस्त्यावर गार हातांनी ब्रेक कसा लागतो ते वेल्सच्या आधी कळलेलं बरं.

प्रश्न: माझ्या मिस्टरांचं वय ५२ आहे, बीपीची गोळी चालू आहे. डेन्मार्कला रेस करायची म्हणतात. सायकल, पळणं सगळं छान चालू आहे पण गेल्या महिन्यात पोहताना मधेच खोकला आला, दम लागला आणि काठावर येऊन बसले, नंतर म्हणाले पाणी गेलं घशात. मला भीती वाटते, पण बोलले की म्हणतात तू उगीच काळजी करतेस.
— एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, उगीच नाही. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

भाऊ, पाणी घशात गेलंही असेल. पण पोहताना फुप्फुसात पाणी साठायचा एक प्रकार असतो, तोंडावाटे गेलेलं पाणी नव्हे, आपल्याच रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं. गार पाण्यात हातापायांतलं रक्त छातीकडे येतं, वरून घट्ट वेटसूट, त्यात पोहण्याचा जोर, फुप्फुसातला दाब वाढतो. खोकला, श्वास पुरत नाही असं वाटणं, छातीत घुरघुर, कधीकधी गुलाबी फेसाळ थुंकी, ही त्याची लक्षणं. ज्यांना बीपी आहे त्यांना धोका जास्त, एकदा झालेल्याला परत होऊ शकतो, आणि रेसआधी घटाघटा पाणी पिणाऱ्यांनाही. तेव्हा आधी हार्टच्या डॉक्टरांकडे जा, "पोहताना खोकला येऊन दम लागला" हे वाक्य जसंच्या तसं सांगा, नुसतं "फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे" म्हणू नका. टूडी एको, स्ट्रेस टेस्ट, जे सांगतील ते करा. तोपर्यंत पोहणं बंद.

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग संशोधकांनी एकत्र केले, १३५ सापडले, त्यातले ९० पोहताना झाले. बहुतेक पुरुष, सरासरी वय ४७ च्या आसपास. रेस करणाऱ्यांची संख्या बघता हे प्रमाण लाखात दोनपेक्षाही कमी आहे, घाबरून खेळ सोडावा असं नाही. पण पोहणं सगळ्यात छोटं म्हणून कमी धोक्याचं असं धरून चालू नका. आणि रेसमध्ये असं झालं तर पाठीवर व्हा, हात वर करा, कयाकवाला येतो. कयाक धरून थांबलं तर बाद करत नाहीत, फक्त तिच्या मदतीने पुढे सरकायचं नाही. खोकला असेल तर मात्र थांबून परत सुरू करायचं नाही, बाहेर निघायचं आणि आडवं न पडता बसून राहायचं.

गोळी परस्पर बदलू नका किंवा रेसच्या दिवशी चुकवू नका, हेही डॉक्टरांनाच विचारायचं.

प्रश्न: सर मी २४ वर्षांचा, नाशिक. नॉर्वेतली नॉर्समन करायची आहे, बोटीतून उडी मारतात ती. पोहणं शिकतोय सध्या. किती महिने लागतील?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: जिद्द आवडली. पण ही रेस काय आहे ते ऐक. २००३ पासून होते. पहाटे फेरी बोट फ्योर्डमध्ये (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्रात) जाते, पाच वाजता साधारण चार मीटर उंचीवरून पाण्यात उडी, आइडफ्योर्डपर्यंत ३.८ किमी पोहणं, पाणी साधारण १३ ते १५ अंश, एखाद्या वर्षी त्याहून कमी. मग सायकल थेट हार्डांगरविड्डाच्या पठारावर, म्हणजे समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या वर, आणि मॅरेथॉनच्या शेवटी गाउस्टाटोप्पन नावाचा डोंगर. पहिल्या १६० जणांनाच डोंगरावर सोडतात, त्यांना काळा टी-शर्ट, बाकीच्यांना पांढरा. जागा लॉटरीने मिळते. स्वतःची गाडी आणि सपोर्टचा माणूस आपणच न्यायचा.

महिने नाही, वर्षं म्हण. आधी पोहायला नीट शिक, पूलमध्ये न थांबता २ किमी, मग एखादी ऑलिम्पिक अंतराची रेस, मग गोव्याची ७०.३, मग एखादी पूर्ण. लॉटरीत नाव मात्र दरवर्षी टाकत राहा, तशीही ती पटकन लागत नाही.

प्रश्न: एडिनबराजवळ राहते. मैत्रिणींबरोबर समुद्रात पोहते, पाणी सध्या १०-११ अंश. पोहताना काही नाही होत पण बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी असली हुडहुडी भरते की चहाचा कप धरवत नाही. हाताची बोटं पोहताना फाकतात आणि जवळच येत नाहीत. पुढच्या वर्षी पूर्ण अंतराची रेस आहे. हे नॉर्मल आहे का?
— एक वाचक, स्कॉटलंड

उत्तर: नॉर्मल आहे, पण सूचना म्हणून घ्या. बोटं फाकणं म्हणजे हाताचे स्नायू गार पडले, पाण्यात घालवायची वेळ संपली असं समजायचं. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं, हात सगळ्यात आधी जातात.

बाहेर आल्यावरची हुडहुडी म्हणजे पाणी सोडल्यावरही आतलं तापमान काही वेळ खाली जातच राहतं. म्हणून बाहेर आल्यावर पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. गप्पा मारत ओल्या कपड्यात उभं राहणं हा तुमच्या ग्रुपचा छंद असणार, तो बंद करा. ओले कपडे लगेच काढा, अंग पुसा, आधी वरच्या अंगात कोरडे थर चढवा, टोपी, मग पाय. कपडे घालायच्या क्रमाने लावून ठेवा कारण बोटं ऐकणार नाहीत, बटणं आणि नाड्या असलेलं काही नको. कडक गरम शॉवर लगेच नको, चक्कर येऊ शकते. आल्याचा चहा थर्मासमधून, पण कप अर्धाच भरा नाहीतर हातावर सांडेल. आणि हुडहुडी पूर्ण थांबल्याशिवाय गाडी चालवू नका.

रेसची लांब ट्रेनिंग या पाण्यात करू नका. आत्ता पूलमध्ये किलोमीटर करा, ५० मीटरच्या पूलला ३.८ किमी म्हणजे ७६ लेंग्थ, आणि समुद्रात आठवड्यातून एकदा फक्त दहा-पंधरा मिनिटं, सवय टिकावी म्हणून. मेनंतर पाणी तापायला लागलं की वाढवा. निओप्रीनची टोपी बहुतेक ठिकाणी चालते, हातमोजे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, त्यामुळे हातमोज्यांची सवय लावून घेऊ नका. पायातल्या निओप्रीनच्या मोज्यांचं रेसच्या सूचनांमध्ये बघा.

प्रश्न: अंगाला मोहरीचं तेल किंवा व्हॅसलीन चोळलं तर थंडी कमी लागते का? इंग्लिश खाडी पोहणारे लावतात ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: लावतात, पण ते काचू नये म्हणून, काखेत, मानेवर, पोशाखाच्या शिवणीपाशी. त्याने ऊब मिळत नाही. ते लोक तर वेटसूटसुद्धा घालत नाहीत, नियमच तसा आहे. आपल्या पुण्याच्या रोहन मोरेंनी जगातल्या सात अवघड खाड्या २०१८ मध्ये पूर्ण केल्या, आशियातले पहिले, त्यात आयर्लंड-स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनेल आहे जिथलं पाणी उन्हाळ्यातही १२ ते १४ अंश असतं. ते सगळं सवयीने आणि अंगावरच्या थोड्या चरबीने होतं. तुमचं वेटसूटचं काम असेल तर व्हॅसलीन नकोच, निओप्रीन खराब होतं, त्यासाठी पेट्रोलियम नसलेली अँटी-चेफ स्टिक मिळते ती मानेला लावा. मोहरीचं तेल लोणच्याला ठेवा.

प्रश्न: गार पाण्याच्या रेसआधी काय खायचं? मी शाकाहारी आहे, एनर्जी जेल पोटाला झेपत नाहीत.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: अंग गरम ठेवायलाही इंधन लागतं, त्यामुळे उपाशी उतरू नका. सुरुवातीच्या तीनेक तास आधी मऊ भात-दही किंवा केळं घातलेले ओट्स, जे घरी लांब सायकलच्या आधी खाऊन बघितलंय तेच. तूप, तळलेलं, जास्त तंतू नको. उतरायच्या पंधरा मिनिटं आधी अर्धं केळं. पोहून झाल्यावर पहिली वीस मिनिटं सायकलवर फक्त घोट घोट पाणी, कारण खारं पाणी पोटात गेलेलं असतं, मग खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्ब, हळूहळू वाढवत. लाडू आधीच छोटे करून घ्या, बधिर बोटांनी वेष्टन निघत नाही.